नववीत गप्प होणारी मुलं

"या पोट्ट्यांना शिकायचंच नसते." गडचिरोलीच्या कुठल्याही तालुक्यातल्या हायस्कुलात, शिक्षकांच्या खोलीत थोडा वेळ बसलं की या अर्थाचं वाक्य कानावर पडतंच. बोलणारा माणूस वाईट नसतो. महिना-दोन महिने घरापासून लांब राहून तो नोकरी करतो, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडात अडकतो, आणि समोर जे दिसतं तेच सांगतो. मुलगा वर्गात असतो, वही उघडी असते, पण प्रश्न विचारला की मान खाली. गृहपाठ अर्धवट. मोहफुलांच्या दिवसांत आठवडाभर पत्ता नाही. एखाद्या सुट्टीनंतर तो परत येतच नाही. हजेरीपटावर नाव राहतं आणि पुढे लाल शाईची रेघ.

दिसतं ते खरं आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. हीच मुलं पहिलीत येताना गप्प नव्हती, चौथीतही नव्हती. त्यांना गप्प बसायला आपल्या शाळेने शिकवलं. तो धडा सर्वांत पक्का होतो आठवी-नववीत, म्हणजे इतर लोक आपल्याकडे कसे बघतात हे मुलाला पुरतं कळायला लागतं त्या वयात.

ही मुलं कुठली, ते आधी सांगतो. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत चंद्रपूर आणि गडचिरोली हा एकच जिल्हा होता. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. शहराभोवतीचा परकोट आणि अंचलेश्वराजवळची राजघराण्याची समाधिस्थळं अजून उभी आहेत, गोंड राणी हिराईचं नाव अजून घेतलं जातं. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत होती आणि तिच्यात आदिवासी साधारण ३९ टक्के. महाराष्ट्रात केंद्र सरकारने विशेष असुरक्षित ठरवलेल्या जमाती तीनच आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांपैकी माडिया भामरागड-एटापल्लीच्या रानात राहतात, तर कोलामांची वस्ती चंद्रपूरच्या जिवती, कोरपना, राजुरा या भागात आहे.

भामरागड तालुक्यातल्या आपल्या गावात माडिया मुलगा अल्पसंख्य नसतो. तिथे सगळेच माडिया. त्याच्या बोलीला, त्याच्या देवांना, आजीने कपाळावर गोंदलेल्या खुणांना कुणी हसत नाही. तो अल्पसंख्य होतो तो पत्र्याची पेटी घेऊन एसटीतून उतरतो तेव्हा, मग ते आलापल्ली असो, अहेरी, गडचिरोली, चंद्रपूर नाहीतर नागपूर. गावात चौथी किंवा सातवीपर्यंत शाळा, पुढे आश्रमशाळा नाहीतर वसतिगृह. वय तेरा-चौदा. एवढ्या एका प्रवासात त्याच्याबद्दलचं जगाचं मत बदलतं आणि ते मत ऐकायला बरोबर आई-बाप नसतात.

पण सुरुवात पहिलीपासूनच करावी लागेल, कारण पाया तिथेच कच्चा राहतो. गोंडी ही द्राविडी कुळातली भाषा. मराठीपेक्षा तेलुगूशी तिचं नातं जवळचं. माडिया ही तिचीच बोली. घरी पाण्याला वेगळा शब्द, झाडाला वेगळा, आईला वेगळा, वाक्याची घडण वेगळी. आणि पहिल्याच दिवशी हातात मराठीचं पुस्तक. बालभारती मराठीखेरीज इंग्रजी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, सिंधी, तेलुगू अशा माध्यमांची पाठ्यपुस्तकं छापते. गोंडी त्यात नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा नोंदवणारे लोक देशभरात सुमारे ३० लाख होते. डोगरी बोलणारे सुमारे २६ लाख, बोडो बोलणारे सुमारे १५ लाख. त्या दोन्ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत, गोंडी नाही. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय राज्याने करावी असं घटनेचं ३५० अ हे कलम १९५६ पासून सांगतंय. शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमातही शिकवण्याचं माध्यम शक्य तिथवर मुलाची मातृभाषा असावी असं लिहिलेलं आहे. 'शक्य तिथवर' या दोन शब्दांच्या आडून आपण सगळे सुटलो आहोत.

मग काय होतं? मूल फळ्यावरचं उतरवून घ्यायला शिकतं. अक्षर बहुतेकांचं सुरेख असतं. कविता पाठ असते, अर्थ माहीत नसतो. वरच्या वर्गात ढकलत ढकलत ते नववीत पोचतं तेव्हा कानाला मराठी कळते, पण जिभेला अजून धाक वाटतो.

हा धाक कसा घट्ट होतो ते एका साध्या गोष्टीत दिसतं. गोंडीत लिंगं दोनच: पुरुष एका बाजूला आणि बाकी सगळं दुसऱ्या बाजूला. बाई, गाय, झाड, दगड यांच्यासाठी क्रियापदाचं रूप एकच. मराठीत तीन लिंगं, आणि तीही बिनतर्काची. बस आली, ट्रक आला, वाहन आलं. गोंडी घरातून आलेला मुलगा वर्गात उभा राहतो आणि म्हणतो, "माझी आई बाजारात गेलं होतं." वर्ग हसतो. शिक्षकही हसतात, बहुधा सहज, मनात काही नसताना. मुलाने चूक केली खरी, पण आपल्या भाषेच्या नियमाने अगदी नेटकी केली. कोकणात लेकीबाळींसाठी नपुंसकलिंग सर्रास वापरतात, तिथे त्याला गोडवा म्हणतात. इथे त्याच रूपाला 'जंगली' म्हटलं जातं. आणि हसू येतं ते नेमकं आईबद्दलच्या वाक्यावर. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा हात वर जात नाही. उत्तर येत असलं तरी जात नाही. शिक्षकाच्या डायरीत शेरा पडतो: 'सहभाग नाही'.

त्यातही एक उतरंड आहे. हसणारी मुलं बहुतेक झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या मराठी बोलणाऱ्या गावांची. त्यांची झाडीबोली 'ण' आणि 'ळ' सहसा उच्चारत नाही; पाण्याचं पानी होतं, डोळ्याचा डोरा. हीच मुलं उद्या नागपूरला कॉलेजात जातात तेव्हा त्यांच्या 'पानी'ला लोक हसतात. नागपूरकर पुण्यात गेला की त्याच्या 'करून राहिलो'ला हसतात. म्हणजे शिकवणाऱ्या शिक्षकांतल्या कितीतरी जणांनी हे हसू स्वतः झेललेलं असतं. त्याची आठवण त्यांना वर्गात का होत नाही, हा प्रश्न मला सारखा छळतो. झालीच तर फार काही न करता खूप बदलेल.

भाषेवर हे थांबत नाही. भामरागड-एटापल्लीचं नाव सांगितलं की बाहेरच्या गावात पहिला प्रश्न नक्षलवाद्यांचा येतो. चेष्टेत येतो, पण येतो. ज्याच्या गावाने पोलीस आणि नक्षलवाद्यांचं दलम अशा दोन बंदुकांमध्ये दिवस काढले, त्या मुलाला 'काय रे नक्षल' ही हाक चेष्टेची कशी वाटेल? दुसरी गोष्ट सवलतीची. शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा यांवरून मारलेले टोमणे. दहावी-बारावीला जात वैधतेचे कागद जमवताना आजोबा-पणजोबांच्या दाखल्यांसाठी तहसील, शाळा, समिती अशा चकरा मारायच्या त्या मुलानेच, आणि 'तुमचं बरं असते बाप्पा, सगळं फुकटात' हे ऐकायचंही त्यानेच. तिसरी गोष्ट देवाधर्माची. गडचिरोलीत रावणाला पूर्वज मानून पुजणारी गोंड गावं आहेत. दसऱ्याला शाळेच्या मैदानावर रावणाचा पुतळा जाळतात तेव्हा त्या गावचं मूल टाळ्या वाजवणाऱ्या रांगेत उभं असतं.

आणि जे त्याचं अभिमानाचं, ते शिकवण्यात क्वचितच येतं. बाबुराव पुल्लेसूर शेडमाके यांनी १८५७-५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललं आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी दिली. त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं ते २००९ मध्ये. चंद्रपुरात त्यांच्या स्मृतिदिनाला मोठी गर्दी जमते. पण इतिहासाच्या तासाला १८५७ आलं की मेरठ, कानपूर, झाशी येतात. चार तासांच्या अंतरावर घडलेली गोष्ट सांगायची तर शिक्षकाने ती आपणहून सांगावी लागते.

टोमण्यांनी अभ्यास कसा बिघडेल, असं विचारणारे लोक भेटतात. त्यांच्यासाठी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत झालेला एक प्रयोग सांगतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी सहावी-सातवीची मुलं घेतली, ३२१ उच्च जातींची आणि ३२१ खालच्या मानलेल्या जातींची. कागदावरच्या भुलभुलैयातून वाट काढायची, सुटेल तितक्या कोड्यांचे पैसे. कुणाची जात उच्चारली नाही तेव्हा दोन्ही गटांची मुलं सारखीच हुशार निघाली. मग दुसऱ्या फेऱ्यांत काम सुरू करण्याआधी सर्वांसमोर प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली. तेवढ्याने खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. बुद्धी तीच, कागद तेच, पैसे तेच. कुणी अपमान केला नव्हता, फक्त ओळख पुकारली होती. अभ्यासाचे निष्कर्ष २००४ आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या वर्गांत 'आदिवासी मुलांनी उभं राहा, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचाय' हे वाक्य वर्षातून किती वेळा उच्चारलं जातं ते मोजावं.

दुसरा दाखला लांबचा आहे, न्यूझीलंडचा, पण तो मला या विषयात सर्वांत उपयोगी वाटतो. तिथल्या माओरी मुलांचं नववी-दहावीत नेमकं असंच होत होतं. २००१ मध्ये रसेल बिशप आणि त्यांच्या वायकाटो विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी 'ते कोटाहितांगा' नावाचं काम हाती घेतलं. त्यांनी आधी मुलांनाच विचारलं की तुमचं लक्ष का लागत नाही. मग पालकांना, मुख्याध्यापकांना आणि शिक्षकांना विचारलं. शिक्षकांपैकी बहुतेकांनी बोट दाखवलं ते मुलाच्या घराकडे: गरिबी, आई-बापांची अनास्था, मुळातच कमी असलेली तयारी. मुलांनी बोट दाखवलं ते वर्गातल्या नात्याकडे: शिक्षक आपल्याला कसे वागवतात, आपल्याकडून कसली अपेक्षा ठेवतात, आपलं नाव नीट उच्चारतात का. पालकही मुलांच्याच बाजूचे निघाले. बिशप यांनी त्यावरून शिक्षकांसोबत काम केलं, आणि ते वर्गाच्या आत जाऊन, शिकवताना बघून, चर्चा करून केलं. भाषणं दिली नाहीत. आपल्याकडे आदिवासी विभागाच्या योजना गणवेश, अंडी, इमारत, टॅब यांच्या असतात. त्या हव्यातच, उपाशी पोटी कुणी शिकत नाही. पण गडचिरोलीच्या नववीतल्या मुलाला 'तुझं लक्ष कुठे उडालं, कधी उडालं' असं समोर बसवून विचारणारी योजना माझ्या पाहण्यात नाही.

मोहाचंच घ्या. मोहफुलं मार्च-एप्रिलमध्ये गळतात, भल्या पहाटे अंधारात वेचावी लागतात आणि सगळ्या घराचे हात त्याला लागतात. मेमध्ये तेंदूपत्ता. या दोन हंगामांत घरात जी रोकड येते तिच्यावर पुढचं वर्ष निघतं. आपल्या परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत. बहुतेक मुलं रानात जाणार हे माहीत असूनही वेळापत्रक मुंबई-पुण्याचंच. मग गैरहजेरीला 'पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही' हे कारण लावलं जातं, आणि ते मुलाला ऐकवलंही जातं. पहाटे तीनपासून घरासाठी राबून आलेल्या पोरीला वर्गात उभं करून तिच्या आई-बापांचा उद्धार करणं यासारखी दुसरी वाईट शिकवण मला सुचत नाही.

याच मातीत उलटही घडलेलं आहे. भामरागड तालुक्यातल्या हेमलकशात बाबा आमटेंनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, १९७६ मध्ये शाळा निघाली. सुरुवातीला मुलं पळून जायची, पालक यायला तयार नव्हते. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे आणि त्यांचे सहकारी माडिया शिकले, आणि मोठी माणसं आपली भाषा शिकताहेत हे मुलांना दिसलं. त्या शाळेतून पुढे डॉक्टर झाले, शिक्षक झाले, अधिकारी झाले. जुव्वी या गावचे लालसू नोगोटी तिथे शिकून वकील झाले आणि २०१७ मध्ये जिल्हा परिषदेवर निवडून गेले. दुसरी गोष्ट अलीकडची. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सरकारी आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. मोहिमेचं नाव 'मिशन शौर्य', मुलं बोर्डा, देवाडा अशा ठिकाणच्या शाळांची. त्यांच्याच वर्गातल्या मुलांना गणितात 'ढ' म्हटलं जात होतं. त्यांच्यापुढे कुणीतरी ८,८४८ मीटरची अपेक्षा ठेवली, महिनोन्महिने तयारी करून घेतली, चूक झाली तर हसलं नाही. पर्वतावर जे जमलं ते वर्गात जमू नये असं त्या मुलांत काहीच नाही. खंत एवढीच, की मोहिमेचे फोटो आदिवासी विभागाच्या प्रकल्प कार्यालयांच्या भिंतींवर लागले आणि मोहिमेची रीत नववीच्या तासापर्यंत आली नाही.

सरकारने दुसराच रस्ता जास्त जोरात धरला. आदिवासी मुलांना शहरातल्या नामांकित इंग्रजी निवासी शाळांत घालायचं, फी सरकार भरणार. हेतू चांगला. पण पहिली-दुसरीतलं मूल घरापासून शेकडो कोस दूर, तिसऱ्याच भाषेत, 'सरकारी कोट्यातला' असा शिक्का घेऊन वाढतं. सुट्टीत घरी आलं की आजीशी बोलायला त्याच्याकडे शब्द नसतात, आणि तिकडे वर्गात ते त्यांच्यातलं नसतं. काही मुलं यातूनही तावूनसुलाखून निघतील. धोरण मात्र थोड्यांच्या चिवटपणावर आखायचं नसतं.

गावांनी आपला मार्गही काढून पाहिला. धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे, वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. त्याच तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली: पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल. गोटूल म्हणजे गावातल्या तरुण मुलामुलींचं एकत्र येण्याचं, शिकण्याचं, नाचगाण्याचं घर. बाहेरच्यांनी त्याची नको तेवढी बदनामी केली आहे. मोहगावात मुलं गोंडीतून मुळाक्षरं, गणित, झाडपाला शिकू लागली आणि सोबत मराठी-इंग्रजीही. शिक्षण विभागाने शाळेला अनधिकृत ठरवून बंद करण्याची नोटीस दिली. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड आणि पुढे चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत, असं शिक्षणहक्क कायदा म्हणतो. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. मातृभाषेची तरतूद आणि हे दंडाचं कलम एकाच कायद्यात आहे. पहिली कधी कुणावर बजावली गेली नाही, दुसरं एका ग्रामसभेवर लगेच बजावलं गेलं. इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड ओलांडलं की ओडिशाचा मलकानगिरी जिल्हा लागतो. तिथे गोंडीची सख्खी बहीण असलेली कोया भाषा सरकारी प्राथमिक शाळेत शिकवली जाते. ओडिशाने २००७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांत हे काम सुरू केलं. म्हणजे पुस्तकं निघू शकतात.

पुस्तकांपेक्षाही अडलेली गोष्ट म्हणजे शिकवणारा माणूस. गडचिरोलीची बदली अजूनही शिक्षेची बदली समजतात. नक्षलग्रस्त भागात एकस्तर वेतनश्रेणी आणि भत्ता मिळतो, तरी डोळे बदलीच्या आदेशाकडेच लागलेले असतात. अशा शिक्षकाने गोंडी शिकावी ही अपेक्षा कुणी ठेवलेलीच नाही. ना नेमणुकीच्या वेळी, ना बढतीच्या. दुसरीकडे गोंडी-माडिया ज्यांची मातृभाषाच आहे आणि ज्यांनी डी.एड. केलंय, अशी मुलंमुली याच तालुक्यांत आहेत. ९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली शिक्षकांसह काही पदं स्थानिक आदिवासींतूनच भरायचं ठरलं. २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातल्या अशाच शंभर टक्के आरक्षणाला घटनाबाह्य ठरवलं. त्यानंतर महाराष्ट्रातली अनुसूचित क्षेत्रांची ही 'पेसा भरती'ही कोर्टात अडकली. २०२४ मध्ये आंदोलनं झाली, तेव्हा तात्पुरता मार्ग म्हणून मानधनावर नेमणुका देण्याचं ठरलं.

मानधनावरचा शिक्षक म्हणजे वर्ष संपलं की पुन्हा दारात उभा. तरी त्याच्या वर्गात 'आई गेलं होतं' म्हणणाऱ्या मुलावर कुणी हसत नाही, कारण शिक्षकाला ते वाक्य कुठून आलं ते माहीत असतं. तो मराठीचं रूप सांगतो आणि पुढचा प्रश्न त्याच मुलाला विचारतो. शंभर टक्के आरक्षण न्यायालयाला मान्य नसेल तर भरतीच्या गुणांत गोंडी, माडिया, कोलामी येण्याला वजन द्यायला काही अडचण दिसत नाही. ती अट जातीची नाही, कामाची आहे, आणि झाडीपट्टीतला शिक्षकही ती मेहनतीने पुरी करू शकतो. प्रकल्प कार्यालयं या भागात पाच आहेत: गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर, चिमूर. त्यांपैकी एकाने जरी येत्या जूनपासून आपल्या आश्रमशाळांच्या आठवी-नववीच्या वर्गांवर गोंडी किंवा कोलामी जाणणारा एकेक शिक्षक नेमला, वार्षिक परीक्षा मोहाच्या आधी उरकली आणि मुलांना समोर बसवून विचारलं, तर वर्षअखेरीच्या हजेरीपटात लाल रेघा किती कमी झाल्या ते शाळेच्या कारकुनालाही मोजता येईल.